न फुटलेल्या अंड्यांचा हिशोब

रेशमाच्या अळ्या अंड्यांतून बाहेर पडून तुतीच्या कोवळ्या पाल्यावर चढल्या की मागे अंडीपुंजाचा कागद उरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचं काम झालेलं असतं. तो जाळून टाकतात, आणि रोगराईचा विचार करता ते बरोबरच आहे. पण जाळण्याआधी तो एकदा भिंगाखाली धरावा, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. खसखशीच्या दाण्याहून जरासं मोठं, दोन्ही बाजूंनी चपटं असं हे अंडं. ज्यातून अळी गेली त्याचं नुसतं पांढरट कवच राहतं आणि त्याच्या एका टोकाला अळीने कुरतडलेलं भोक दिसतं. अशा शेकडो रिकाम्या कवचांमध्ये न फुटलेली अंडी अडकलेली असतात, आणि ती सगळी सारखी नसतात. काही पिवळीच राहून आत चेपलेली. ती फलितच झाली नव्हती. काही करडी होऊन मग खळगा पडलेली. त्यांनी जीव धरला होता, पण तो लवकर गेला. काहींच्या टोकाला बारीक काळा ठिपका. अळीचं डोकं तयार झालं होतं, फुटायला एकदोन दिवसच उरले होते. आणि काही पूर्ण निळसर, ज्यांच्या आत अख्खी अळी वेटोळं करून बसलेली आहे, अंगावरच्या केसांसकट, आणि ती बाहेर आलेली नाही.

मी बेळगावात प्राणिशास्त्र शिकवते. वाढले वडगावात. शहापूर, वडगाव, खासबाग ह्या पट्ट्यात रेशमी साड्या विणणारी घरं पिढ्यानपिढ्या आहेत, आमचंही त्यातलंच. बाबांच्या मागावर चढणारं रेशीम बेंगळूरहून यायचं, आणि ते ज्याच्या लाळेतून आलं तो किडा आमच्या गल्लीत कुणीच पाहिलेला नव्हता. मी तो पहिल्यांदा पाहिला एम.एस्सी.ला असताना, म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत. तिथे एका मॅडमनी आम्हाला कोष दाखवायच्या आधी मेलेली अंडी दाखवली. माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा विषय त्या एका तासात ठरला, असं मला आजही वाटतं.

निपाणीच्या पलीकडे एका गावात माझी मामेबहीण राहते. तिचं लग्न माझ्या मावसभावाशी, म्हणजे तिच्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी झालं. त्यामुळे ती माझी अक्काही आहे आणि वहिनीही, आणि तिची सासू माझी मावशी. आमच्या भागात ह्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. मामाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याच्या मुलाचा, हे मराठी घरांत गृहीत असतं. शेजारच्या कानडी घरांत त्याच्याही पुढे जाऊन मामा-भाचीची लग्नं लागतात. अक्का आणि दादानं तंबाखूच्या रानातला एक तुकडा मोकळा करून तुती लावली, त्याला बरीच वर्षं झाली. संगोपनगृह अक्काच बघते. तयार चॉकी, म्हणजे दुसरीकडे वाढवलेल्या बाल अळ्या, न घेता ती अंडी आणून स्वतः उबवते, शेजारच्या दोनचार घरांना बाल अळ्या देते, आणि तिच्या हाताला यश आहे असं गावात म्हणतात.

एका एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "पाव हिस्सा तसाच राह्यलाय बघ. औषधाचा दोष म्हणावा तर बाकीच्या कशा फुटल्या? बीजच खराब आलंय का काय?"

दुबार, म्हणजे वर्षात दोन पिढ्या होणाऱ्या, जातीच्या चांगल्या अंडीपुंजांत शंभरातली नव्वद-पंच्याण्णव अंडी फुटतात. पाव हिस्सा राहणं म्हणजे नुकसानच. आणि ज्यानं आनुवंशिकी शिकलीय त्याच्या कानाला 'पाव हिस्सा' हा शब्द वेगळाच लागतो. मी गेले. पडवीत खाट टाकून, भिंग घेऊन आम्ही दोघी ते कागद बघत बसलो. मेलेली अंडी सगळ्या टप्प्यांवरची होती. काही सुरुवातीलाच गेलेली, काही ठिपक्याला, काही निळी होऊन. शिवाय कागदाच्या एका कडेला जास्त, दुसऱ्या कडेला कमी. बीज, म्हणजे ही अंडी, दुपारच्या बसने आलं होतं, डबा खिडकीकडे होता, आणि अंड्यांना लागते पंचवीस अंशांची ऊब आणि भरपूर दमट हवा. मी अक्काला म्हणाले, "बीज चांगलंय. ऊन लागलंय."

हे मी इतक्या खात्रीने सांगू शकले त्याचं कारण सांगते. जनुकातल्या दोषानं जेव्हा भ्रूण मरतं तेव्हा ते वाटेल तिथे मरत नाही. एखादं काम एका ठराविक दिवशी व्हायला हवं असतं, ते करणारं जनुक मोडलेलं असतं, आणि त्या दोषाची सगळी भ्रूणं त्याच पायरीवर थांबतात. भिंगाखाली ती एकमेकांसारखी दिसतात. उष्णता, कोरडी हवा, औषधाची वाफ ह्यांचं तसं नसतं, ज्याला जिथे गाठलं तिथे तो जातो. दुसरं कारण अजून पक्कं आहे. शेतकऱ्याला मिळणारं बीज संकरित असतं, दोन वेगळ्या वंशांचं. एका वंशात एखादं मारक जनुक दडलेलं असलं तरी दुसऱ्या वंशात नेमकं तेच सापडणं जवळजवळ अशक्य. निरोगी प्रत दुसरीकडून येते आणि दोष झाकला जातो. मारक जनुकं उघडी पडतात ती मूळ वंश राखणाऱ्या केंद्रांत, जिथे पिढ्यानपिढ्या भाऊ-बहिणींच्या जोड्या लावाव्या लागतात.

अक्का कागद गुंडाळत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "मग माझं कशानं गेलं गं? मला कुठं ऊन लागलं होतं?"

तिला आत्ता एक मुलगी आहे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्या मुलीच्या आधी आणि नंतर अक्काचे दिवस राहून गेलेले आहेत, एकदा तर पाचव्या महिन्यात. घरात 'हिची कूस टिकत नाही' हे वाक्य रोजच्या बोलण्यात रुळलं होतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस झाले. शहरातल्या एका दवाखान्यात तिच्याच तपासण्या झाल्या, तिलाच गोळ्या मिळाल्या. दादाला कुणी एक प्रश्नही विचारला नाही. त्या पडवीत मी तिला थोडंच सांगू शकले, कारण मावशी आत चहा करत होती. जे सांगायचं राहिलं ते मी नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं, आणि तेच इथे लिहिते आहे.

मारक जनुक माणसाला सापडलं ते मेलेल्या जीवांतून सापडलं नाही, जिवंत जीवांच्या चुकलेल्या बेरजेतून सापडलं. 1905 मध्ये ल्युसियाँ केनो हा फ्रेंच शास्त्रज्ञ पिवळ्या उंदरांच्या जोड्या लावत होता. मेंडेलच्या नियमाप्रमाणे तीन पिवळे आणि एक साधा, असं पडायला हवं होतं. दर वेळी दोन पिवळे आणि एक साधा पडे. शिवाय ज्याची सगळी संतती पिवळीच होईल असा शुद्ध पिवळा उंदीर त्याला एकही मिळेना. 1910 मध्ये कॅसल आणि लिटल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उलगडा केला. तो चौथा हिस्सा पोटातच मरत होता. पिवळेपणाच्या जनुकाची एक प्रत असली तर रंग बदलतो, दोन असल्या तर जीव जातो. मी वर्गात हे शिकवते तेव्हा फळ्यावर चार चौकोन काढते आणि एक पुसून टाकते. मुलं लगेच समजतात.

पण उंदराच्या पोटात मेलेलं भ्रूण विरघळून जातं. मोजायला उरत नाही. रेशीम किड्याचं तसं नाही, आणि माझा जीव ह्या किड्यात अडकला तो ह्यासाठीच. एक मादी पतंग एका रात्रीत चारशे-पाचशे अंडी घालते. प्रत्येक अंडं जिथे घातलं तिथेच चिकटून राहतं. जगलेल्याचं कवच आणि न जगलेल्याचा देह एकाच कागदावर, शेजारी शेजारी, एकाच आईचे, एकाच बापाचे. ज्यांना कधी जन्म मिळाला नाही त्यांचीही मोजदाद करता यावी अशी सोय निसर्गात फार थोड्या ठिकाणी आहे.

ह्या मोजदादीची पहिली शिस्त पाश्चरनं घालून दिली. 1865 पासून पाचएक वर्षं तो दक्षिण फ्रान्समध्ये आलेस (Alès) ह्या गावाजवळ रेशीम किड्यांच्या पेब्रिन रोगामागे लागला होता. सगळ्या माद्यांची अंडी एकत्र मिसळायची नाहीत, हा त्याचा उपाय. एक मादी, एक कप्पा, एक अंडीपुंज. अंडी घालून झाल्यावर तिचं शरीर वाटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, रोगाचे कण दिसले की तिची सगळी अंडी नष्ट करायची. आज आपल्याकडची बीज केंद्रंही हेच करतात, 'रोगमुक्त अंडीपुंज' म्हणतात ते त्यामुळेच. पेब्रिनच्या बाबतीत दोष खरोखर आईकडून अंड्यात उतरतो, हेही इथेच सांगितलं पाहिजे. आईकडून काहीच येत नाही असं माझं म्हणणं नाही. कशात आईचा वाटा आहे आणि कशात दोघांचा, हे तपासून ठरवायचं असतं एवढंच म्हणणं आहे.

ते तपासायची रीत सुंदर आहे. समजा एका नरात मारक जनुकाची एक प्रत आहे आणि मादी निरोगी आहे. सगळी अंडी फुटतात, कुणाला काही कळत नाही, फक्त निम्मी पिल्लं ते जनुक घेऊन मोठी होतात. आता ह्या भावंडांच्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीची अंडी वेगळी ठेवा. दर चार जोड्यांत सरासरी एक अशी निघेल, जिच्यात दोघांकडेही ती प्रत आहे. तिच्या चारशे अंड्यांतली शंभराच्या आसपास एकाच टप्प्यावर मेलेली सापडतील. बाकीच्या तीन जोड्यांचे कागद स्वच्छ. मग संशयित मादीला अगदी वेगळ्या वंशाचा नर द्यायचा. तिची अंडी फुटली, तर दोष एकट्या तिचा कधीच नव्हता. तरीही फुटली नाहीत, तर तिच्या अंडाशयातच काहीतरी बिघाड आहे, कारण अंड्याचं कवच, त्यातलं अन्न, त्याचा आकार हे सगळं आईच्या जनुकांवर ठरतं. जोडीदार बदलून बघायचा, इतकी साधी गोष्ट. किड्यांच्या बाबतीत हे बघितल्याशिवाय मादीवर शिक्का मारायचा नसतो.

किड्यांत मेंडेलचा नियम पहिल्यांदा दाखवला गेला तो रेशीम किड्यातच. जपानच्या कामेतारो तोयामानं 1906 मध्ये पिवळ्या आणि पांढऱ्या कोषांच्या संकरांवरून तो मांडला. त्याच्यामागून योशिमारो तानाकानं एक विलक्षण गोष्ट दाखवली. रेशीम किड्याच्या मादीत गुणसूत्रांची आपापसात देवाणघेवाण होतच नाही. नरात होते. ह्याचा उपयोग बघा. एकूण 28 गुणसूत्रांच्या जोड्या. नवीन मारक जनुक कोणत्या गुणसूत्रावर बसलंय हे शोधायचं तर ते आईकडून पुढे पाठवायचं. आईकडून गुणसूत्र अखंड जातं, त्यामुळे त्यावरची खूण, म्हणजे कोषाचा रंग किंवा अळीवरचे ठिपके, त्या मारक जनुकाची साथ कधीच सोडत नाही. गुणसूत्र सापडलं की मग तेच जनुक बापाकडून पाठवायचं. तिथे देवाणघेवाण होते, साथ अधूनमधून तुटते, आणि किती वेळा तुटते त्यावरून अंतर मोजता येतं. 2004 मध्ये जपानी आणि चिनी गटांनी ह्या किड्याच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा मांडला, त्यानंतर ही कामं कितीतरी सोपी झाली. पण ज्यांनी नुसत्या जोड्या लावून, कागद मोजून नकाशे काढले त्यांच्याबद्दल मला जास्त आदर वाटतो.

एका मारक जनुकाबद्दल थोडं थांबून सांगते. रेशीम किड्यात 'ई' नावाचा जनुकांचा एक समूह आहे. साध्या अळीला छातीपाशी खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात. पोटाला असतात ते मांसल, आखूड, आकड्यांचे पाय, चार जोड्या, आणि शेपटीकडे एक. ई समूहातला 'ई-एन' हा दोष दोन्हीकडून आला तर भ्रूण अंड्यातच मरतं. ते मेलेलं भ्रूण कवचातून काढून पसरलं तर दिसतं ते असं: पोटाच्या खंडांवर एकामागून एक छातीचे पाय. टोकदार, सांध्यांचे, नीट घडलेले. पोटानं स्वतःला छाती समजून घेतलं आहे. 1992 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की ह्या दोषात दोन शेजारची जनुकं गळून गेलेली असतात, आणि तीच दोन जनुकं फळमाशीत, आणि त्यांची भावंडं उंदरात आणि माणसातही, शरीराच्या कुठल्या भागानं काय व्हायचं ते सांगतात. शोधनिबंधातलं ते छायाचित्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नाही. त्या जीवाला पाय कमी नव्हते, जास्तच होते. आपण कुठे आहोत हे त्याच्या पेशींना कळत नव्हतं, म्हणून तो मेला. जिवंत अळीकडे बघून हे कुणाला कधी समजलं असतं? फळमाशीतही हेच झालं. नुसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस ह्यांनी अंड्यातच मरणाऱ्या माश्यांची भ्रूणं एकेक करून बघितली, मोडतोडीप्रमाणे त्यांचे गट पाडले, 1980 मध्ये ते मांडलं, आणि एडवर्ड लुईससह 1995 चं नोबेल त्यांना मिळालं. शरीर कसं घडतं हे ज्ञान आपल्याला जवळजवळ सगळं न घडलेल्या शरीरांनी दिलं आहे.

आता एक असा भाग, जो शिकवताना मला दरवर्षी जड जातो. रेशीम किड्यात मुलगा की मुलगी हे आई ठरवते. मादीची लिंग गुणसूत्रं दोन वेगळी, झेड आणि डब्ल्यू; नराची दोन्ही झेड. माणसात नेमकं उलट आहे, तिथे बाप ठरवतो, आणि तरीही आपल्याकडे मुलगी झाली म्हणून बाईलाच बोलतात. असो. नराचा कोष रेशमाच्या हिशोबात सरस, कारण मादीच्या शरीराला अंड्यांसाठीही अन्न राखायचं असतं. म्हणून सोव्हिएत संघात व्लादिमीर स्ट्रुन्निकोव्ह ह्यांनी मारक जनुकांचाच वापर करून घेतला. त्यांनी असा नर तयार केला ज्याच्या दोन्ही झेड गुणसूत्रांवर एकेक मारक जनुक आहे, पण वेगवेगळ्या जागी. एकाची उणीव दुसरं भरून काढतं, म्हणून तो जगतो. त्याची जोडी साध्या मादीशी लावली की मुलग्यांना आईकडून निरोगी झेड मिळतं आणि ते फुटतात. मुलींना मिळणारं एकमेव झेड बापाचं असतं, आणि त्याच्यावर मारक जनुक असतंच. सगळ्या मुली अंड्यात मरतात. चीनच्या झेजियांग प्रांतात ह्या पद्धतीच्या जाती शेतकऱ्यांपर्यंत गेल्या.

बुद्धी म्हणून हे काम थोर आहे, आणि किड्यांची आणि माणसांची गोष्ट एक नाही हेही मला कळतं. तरी ज्या देशाला 1994 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला, त्या देशात, खेड्यांतून बसने येणाऱ्या मुलींनी भरलेल्या वर्गात 'सगळ्या मुली अंड्यात मरतात' हे वाक्य फळ्यावर लिहिताना मी खडू खाली ठेवते आणि आधी त्या कायद्याबद्दल बोलते. अभ्यासक्रमात ते नाही. मी ते सोडणार नाही. त्याच धड्यात मी त्यांना 2014 चा टोकियोचा शोधही सांगते. डब्ल्यू गुणसूत्रावरून निघणारा आरएनए ह्या रेणूचा एक इवलासा तुकडा झेडवरच्या नर घडवणाऱ्या जनुकाचा संदेश कापून टाकतो, आणि म्हणून मादी घडते. ते नर घडवणारं जनुक नर भ्रूणातच गप्प केलं तर ते नर भ्रूण मरतं, कारण दोन झेडांचा भार सांभाळणारं कुणी उरत नाही.

अक्काकडे वळते. तिला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भ जातात त्यांतल्या जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांच्या संख्येचाच घोळ असतो. तो बहुतेक वेळा त्या वेळचा, नव्यानं झालेला असतो, कुणाच्या घराण्यातून आलेला नसतो आणि कुणाच्या वागण्यानं झालेला नसतो. तिचं त्यांतलं असेल. तिचे गर्भ कुणी तपासले नाहीत, त्यामुळे आता मागे जाऊन ठरवता येणार नाही. दुसरी गोष्ट, मारक जनुकं प्रत्येकात असतात. 1956 मध्ये मॉर्टन, क्रो आणि मुलर ह्यांनी नात्यातल्या लग्नांच्या नोंदींवरून त्याचा पहिला हिशोब मांडला. पुढच्या अभ्यासांत आकडा खाली आला, शून्यावर मात्र कुणाच्याच हिशोबात आला नाही. माणसामागे एकदोन तरी धरून चालावं. एकेकटी असतात तोवर ती काही करत नाहीत. तिसरी गोष्ट, तिची आणि दादाची आजी एक, आजोबा एक. समजा आजीच्या अंगात असं एक जनुक होतं. ते आजीकडून मामाकडे यायची शक्यता निम्मी, मामाकडून अक्काकडे निम्मी. आजीकडून मावशीकडे निम्मी, मावशीकडून दादाकडे निम्मी. दोघांकडेही येण्याची शक्यता सोळांत एक. आणि त्या दोघांचं बाळ दोन्ही प्रती घेऊन येण्याची शक्यता चौसष्टांत एक. आजी-आजोबा मिळून जनुकाच्या चार प्रती, म्हणून चौसष्टांत चार. आत्ये-मामे भावंडांच्या लग्नाचा हा आकडा. मामा-भाचीचा चौसष्टांत आठ. रेशीम केंद्रातल्या भाऊ-बहिणींच्या जोडीचा चौसष्टांत सोळा.

आकडा लहान आहे, आणि नात्यातली बहुतेक जोडपी धडधाकट मुलांची आई-बाप होतात. मी कुणाच्या लग्नाला नावं ठेवत नाही. माझ्या आई-वडिलांचंही नात्यातलंच. पण ज्या कारणासाठी दोघांकडून एकेक प्रत यावीच लागते, त्या कारणासाठी एकटीला दोषी धरायला जागाच नाही. अक्काला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या नावावर अर्धंच." नंतर जरा वेळानं, "आणि तेबी मी कुठं मागून घेतलं होतं?"

गेल्या दिवाळीत हा हिशोब पुन्हा काढावा लागला. दादाच्या बहिणीनं, म्हणजे अक्काच्या नणंदेनं, तिच्या मुलासाठी अक्काच्या लेकीला मागणी घातली. रीतीप्रमाणे मामाची मुलगी. मुलगा चांगला, बेळगावात नोकरीला. मावशी खूश, कारण दोन्ही नातवंडं तिचीच. मला बोलावणं आलं ते फराळाला, पण अक्कानं आल्या आल्या तुतीच्या नोंदवहीतलं एक कोरं पान काढून दिलं आणि म्हणाली, "मांड."

मी झाड काढलं. साध्या मामे-आत्ये भावंडांचे चौसष्टांत चार. पण इथे मुलीचे आई-बाप स्वतःच भावंडं, त्यामुळे पणजी-पणजोबांकडून अजून एक वाट खाली येते. चौसष्टांत पाच झाले. मावशी चष्मा लावून बघत होती. बोट ठेवून तिनं विचारलं, "हितनं खाली जे येतंय ते माझ्यातनं येतंय काय?"

"तुझ्यातनंही आणि मामातनंही," मी म्हटलं. "आणि असलं तरच. आता रक्तावरून तपासता येतं. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांनी जाऊन सल्ला घ्यायचा, डॉक्टर सांगतील काय बघायचं ते."

लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पान हातात घेतलं, सगळ्या रेघा एकदा वरून खाली बघितल्या. "लग्नाचं मी अजून हो म्हटलेलं नाही, ते नंतर बोलू," ती म्हणाली. "पण तपासायचं तर नुसतं आम्हा दोघांचं कशाला? आई-पप्पांचंही करू. आज्जीचंही. म्हणजे कुठून काय आलं ते तरी कळेल."

दादा म्हणाला, "माझं आधी घ्या."

मावशीनं चष्मा काढून पदराला पुसला आणि मला विचारलं, "सकाळी उपाशीपोटी यावं लागतंय काय?"